विषाचा डबा घराबाहेर, ज्वारीचा डबा घरात



शहरात सध्या 'नैसर्गिक राहणी'चा मोठा बोलबाला आहे. काचेच्या दुकानात ज्वारीच्या लाह्यांची पाकिटे टांगलेली असतात. जवसाची चटणी छोट्या बरणीत मिळते. गच्चीवर कुंड्यांत मेथी कशी लावावी याचे वर्ग भरतात आणि त्याला फी असते. अडुळशाचा काढा, ओव्याचा अर्क, कोरफडीचा गर सुबक बाटल्यांतून विकला जातो. घेणारे पैसेवाले आहेत, त्यांनी घ्यावे. आमची त्याला हरकत नाही. उलट ज्वारीला गिऱ्हाईक मिळते आहे, ही चांगलीच गोष्ट आहे.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या घरातून ही ज्वारी, हे जवस, हा ओवा गेला, त्या घरात आज काय आहे? कोणत्याही कोरडवाहू गावात सकाळी फिरून बघा. पोराच्या हातात पाच-दहा रुपयांचे मैद्याचे बिस्कीट किंवा तिखट कुरकुरीत पाकीट आहे. भाजी आठवडी बाजारातून आली आहे, तीही तालुक्याहून ट्रकमध्ये बसून. पीठ गिरणीतले आहे, पण गहू रेशनचा. आणि पडवीच्या कोपऱ्यात पाणी भरून ठेवलेला एक पांढरा प्लास्टिकचा कॅन आहे. त्यावरचे लेबल निघाले आहे, पण त्यात मागच्या हंगामात काय होते हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

2025-26 च्या हंगामासाठी सरकारने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये आणि मालदांडीचा 3,749 रुपये जाहीर केला. म्हणजे किलोला 37 रुपये. शहरातल्या लाह्यांच्या पाकिटावरचे वजन आणि किंमत वाचा आणि भागाकार स्वतः करा. आम्ही आकडा सांगत नाही, कारण स्वतः केलेला भागाकार जास्त लक्षात राहतो.

हा विषय चळवळीच्या पत्रकात कशाला?

काही कार्यकर्ते विचारतील, रास्त भावाची लढाई सोडून आता कुंड्यांत मेथी लावायची काय? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

भावाची लढाई सोडायची नाही. डब्यात मेथी लावून बँकेचे कर्ज फिटत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. शेतीमालाच्या भावाचा प्रश्न परसबागेने सुटत नाही. सरकारी अधिकारी जेव्हा 'शेतकऱ्याने खर्च कमी करावा, काटकसरीने राहावे' असा उपदेश करतात, तेव्हा तो भाव न देण्याचा बहाणा असतो. तो आपण ओळखून आहोत.

पण लढाईत उभे राहायला थांबण्याची ताकद लागते. पहिली वेचणी झाली की दिवाळीच्या तोंडावर कापूस घराबाहेर का पडतो? भाव चांगला असतो म्हणून नव्हे. किराण्याची उधारी चढलेली असते, घरात धान्य नसते, मजुरांची मजुरी द्यायची असते. खेड्यावर येणारा खेडा-खरेदीवाला हे जाणतो. तो कापसाची प्रत नंतर बघतो, आधी तुमच्या घराची निकड बघतो. ज्याच्या घरात वर्षाची भाकर आहे तो दोन महिने थांबू शकतो. ज्याच्या घरात नाही त्याला व्यापारी सांगेल तो भाव. घरातला ज्वारीचा कणगा हा म्हणूनच भावाच्या लढाईतला दारूगोळा आहे.

साधा हिशेब मांडू. पाच माणसांच्या घराला भाकरीसाठी महिन्याला 40 किलो ज्वारी धरा. वर्षाला 480 किलो. हमीभावानेच मोजली तरी ती सुमारे 17,750 रुपयांची झाली. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये होता. म्हणजे दोन क्विंटलहून जास्त कापूस नुसता भाकरीसाठी विकायचा, तोही हमीभाव मिळाला तर. बिस्किटे, पाकिटे, भाजी, खोकल्याच्या बाटल्या यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. तो ज्याने त्याने आपल्या घरी मांडावा.

ज्वारी घरातून गेली कशी?

ज्वारी आपण आळसाने सोडली नाही. 1964 साली सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण संकरित ज्वारी खरिपात पावसात सापडली की दाणा काळा पडू लागला आणि बाजारात तिला कोणी विचारेना. मग सोयाबीन आले. 2002 पासून बीटी कापूस आला. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळू लागला. गावातल्या बहुतेकांनी ज्वारी सोडली की उरलेल्या एकदोघांच्या शेतावर सगळ्या शिवारातली पाखरे आणि रानडुकरे तुटून पडतात. मग तेही सोडतात. हे अर्थकारण आहे. यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे काही नाही.

म्हणून परत आणायची तर तीही हिशेबाने. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशी 6:1:2:1 ओळींची जुनी शिफारस आहे. दहा ओळींत दोन ज्वारीच्या. पाच एकर कापूस असेल तर एक एकराच्या ओळी ज्वारीच्या होतात. कापूस मोडायचा नाही, तुरीचे वरण मिळते, कडबा मिळतो आणि कणसांवर बसणारी पाखरे कपाशीतल्या अळ्याही टिपतात. ओळी दहा-वीस शेतकऱ्यांनी लागून लागून टाकल्या तर राखण वाटून करता येते. एकट्याने करण्याचे हे काम नाही. जेथे भारी जमीन आणि ओल आहे तेथे रब्बीत मालदांडी आहेच. मोहोळला 1930 च्या दशकात निवडलेला मालदांडी 35-1 हा वाण आजही टिकून आहे, यातच सगळे आले.

पोरांच्या हातात काय द्यायचे?

हुरडा, लाह्या, कण्या, आंबील, धपाटे, खान्देशातले बिबडे, ज्वारीच्या पापड्या, शेंगदाणा-गुळाचा लाडू, जवसाची आणि कारळाची चटणी. यातले काही आम्ही शोधून काढलेले नाही. तुमच्या आईला हे सगळे येत होते. नागपंचमीला लाह्या अजून होतात, मग इतर दिवशी का नाही?

लाह्यांसाठी कडक, चकचकीत दाण्याची गावरान ज्वारी घ्यावी. ती गरम पाण्यातून काढून फडक्यात रात्रभर बांधून ठेवावी, सकाळी सावलीत कोरडी करावी आणि चांगल्या तापलेल्या कढईत मूठमूठ टाकून फोडावी. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस सहज राहतात. त्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कढीपत्ता, तिखट-मीठ घातले की पाकिटाची आठवण येत नाही. हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती, कुचकुची असे वाण लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या राखले. त्यांची दोन-चार तासे बांधाकडेने टाकायला खर्च येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली काढलेल्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने, 10 ग्रॅम तंतू आणि 4 मिलिग्रॅम लोह दिले आहे. मैद्यात तंतू 3 ग्रॅमच्या आत आणि लोह 2 मिलिग्रॅमच्या आत. बिस्किटात हा मैदा, साखर आणि तूप म्हणून कसले तरी तेल असते. पोराचे पोट भरल्यासारखे होते आणि भाकरीची भूक मरते.

पण जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, नुसत्या ज्वारीवर माणूस धड राहत नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो, हातापायांची कातडी काळी पडून सोलते, हे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली दाखवून दिले. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, ताक, पालेभाजी पाहिजेच. त्यावर लिंबू पिळले तर अन्नातले लोहही जास्त अंगी लागते.

दुसरी, भिजून बुरशी आलेली काळी ज्वारी घरात खायला ठेवू नका, कितीही जीव तुटला तरी. 1995 साली दख्खनमधल्या काही गावांत पावसात भिजलेली बुरशीची ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. शेंगदाण्याचेही तेच. कडवट, बुरसलेला दाणा कुटात जाता कामा नये.

तिसरी, पेरून उरलेले लाल-गुलाबी रंगाचे बियाणे धुऊन दळायचे नाही. तो रंग बुरशीनाशकाची खूण आहे. धुतल्याने रंग जातो, विष पुरते जात नाही.

डब्यातली बाग

शेत असताना डब्यात भाजी कशाला, असे वाटेल. पण कोरडवाहूच्या शेतात दिवाळीनंतर ओल राहत नाही. शेत गावापासून दोन-तीन मैल. गावठाणातल्या घराला अंगण उरलेले नाही, आणि जेवढे आहे तेवढ्यात शेळ्या, कोंबड्या, डुकरे काही राहू देत नाहीत. डबा पडवीत, ओट्यावर, छपराच्या कडेला ठेवता येतो. पाणी मोजून घालता येते. हिवाळ्यात एका डब्याला दिवसाला एक तांब्या पाणी पुरते. दहा डब्यांना दहा तांबे, म्हणजे तेवढे भाजी-तांदूळ धुतल्याचे आणि भांडी विसळल्याचे पाणी घरात निघते.

भांडे कोणते घ्यावे? गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, फुटका माठ, रांजणाचा उरलेला बुडखा, गळकी बादली, तळ गेलेले घमेले, स्वच्छ धुतलेली धान्याची चुंगडी. बुडाला चार-पाच भोके हवीतच, नाहीतर मुळ्या सडतात. भोकांवर खापराचे तुकडे, त्यावर चार बोटे पऱ्हाटीचे आणि तुराटीचे बारीक तुकडे घालावेत. वर मिश्रण भरावे. नुसती काळी माती भरली तर ती ओली असताना चिखल होते आणि सुकली की फाटते. एक भाग काळी माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, आणि डब्यामागे मूठभर निंबोळी पेंड एवढे पुरे.

पहिल्या वर्षी थोडेच लावा. मेथी 25-30 दिवसांत निघते, कोथिंबिरीला सहा आठवडे लागतात. पालक आणि आंबट चुका खुडत राहिले की पुन्हा फुटतात. मिरचीची दोन आणि वांग्याची दोन रोपे घराला बराच काळ पुरतात, पण एका डब्यात एकच रोप ठेवा. छपराकडेला वाल किंवा दोडका चढवता येतो. मेथी-कोथिंबीर एकदम सगळ्या डब्यांत पेरू नका. दर आठवड्याला एक-दोन डबे पेरा, म्हणजे भाजी रोज मिळते. मार्चनंतर आपल्याकडे ऊन आग ओकते. तेव्हा डबे निंबाखाली किंवा जुन्या लुगड्याच्या सावलीत सरकवा आणि संख्या निम्मी करा. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू मात्र जमेल तेथे जमिनीतच लावावे.

मावा किंवा अळी आली तर 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबणाचे पाणी घालून फवारा. हाच पाच टक्के निंबोळी अर्क. शेतातले उरलेले औषध घरच्या भाजीवर मारायचे नाही, 'जरासेच' म्हणूनही नाही.

पाण्याबद्दल दोन नियम. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी डब्यांना घालू नये, त्यातल्या क्षारांनी माती बिघडते. आणि फवारणी करून आलेल्या माणसाच्या अंघोळीचे आणि त्याच्या कपड्यांचे पाणी भाजीकडे कधीच वळवू नये.

विषाचा डबा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती सांगतो. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा, फवारणीच्या कोणत्याही औषधाचा रिकामा डबा, कॅन, बाटली किंवा पिशवी घरात कशासाठीही वापरायची नाही. पाण्याला नाही, तेलाला नाही, मिठाला नाही, परसाकडे नेण्याच्या टमरेलाला नाही आणि भाजी लावण्याच्या कुंडीलाही नाही.

16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन या गावी शाळेचे दुपारचे जेवण जेवून 23 मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, असे तपासात पुढे आले. हेच मोनोक्रोटोफॉस आपण कपाशीवर वर्षानुवर्षे फवारत आलो. भाजीपाल्यावर त्याला 2005 पासून बंदी आहे.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. ते आपलीच माणसे होती. माणसाच्या उंचीच्या वर गेलेली कपाशी, उघडे अंग, दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि दिवसभराची फवारणी असे ते सगळे होते. औषधे विकणारे, परवाना देणारे आणि सल्ला देणारे यांच्या जबाबदारीचा प्रश्न आपण त्या वर्षापासून मांडत आहोत, पुढेही मांडू. पण त्याच औषधाचा रिकामा डबा आपल्या चुलीशेजारी येऊन बसू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

1971 च्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे की रिकामी वेष्टने मोडून वस्तीपासून दूर पुरावीत. डबा रिकामा झाला की जागेवरच तीन वेळा विसळावा, ते पाणी पंपातच ओतावे, डब्याला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे कोणी पाण्याला नेणार नाही. मग विहीर, नाला आणि वस्ती सोडून खोल पुरावा. तीन वेळा विसळलेला डबा पुरायला योग्य होतो, पाणी प्यायला नव्हे. भंगारवाल्याला दिलेला धड डबा दुसऱ्या गरिबाच्या घरी पाण्याचा माठ होतो, हेही लक्षात घ्या. गावपातळीवर हे डबे गोळा करण्याची जबाबदारी विक्रेते आणि कंपन्यांनी घेतली पाहिजे, ही आपली मागणी राहील.

आजीचा बटवा कुठवर?

घरगुती औषधांबद्दल दोन टोके दिसतात. एक म्हणतो, सगळे अडाणीपणाचे. दुसरा म्हणतो, आजीच्या बटव्यात सगळे आहे, डॉक्टर लुटारू. दोघांनाही कोरडवाहू गावात रात्री दोन वाजता आजारी मूल घेऊन बसावे लागलेले नाही.

बटव्यातल्या पुष्कळ गोष्टी कामाच्या आहेत. सर्दी-पडशाला सुंठ-गुळाचा काढा, खोकल्याला हळद घालून गरम दूध, पोटात गुबारा धरला तर ओवा, वाफारा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. मोठ्या माणसाच्या साध्या दुखण्याला यातून आराम पडतो आणि खोकल्याच्या बाटलीचे पैसे वाचतात. हळद जखमेवर चालते हे आपल्याला ठाऊक होतेच. तरी अमेरिकेत 1995 साली त्याचे पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे पुढे ठेवले, तेव्हा 1997 साली ते रद्द झाले. यातून घेण्याचा धडा एवढाच की जे माहीत आहे ते लिहून ठेवावे आणि पारखून घ्यावे. तोंडी शहाणपण दुसऱ्याच्या नावावर जायला वेळ लागत नाही.

पारखलेल्या घरगुती औषधाचा सर्वांत मोठा नमुना मीठ-साखरेचे पाणी आहे. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर यांचे पाणी तोंडाने देऊन हजारोंचे प्राण वाचवले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि प्रमाण चुकवायचे नाही. हे प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

दुसरा नमुना आपल्याच विदर्भातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 ते 1998 या काळात 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांतले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले आणि ते 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. घरच्या उपचारात ताकद आहे, पण तो शिकलेला आणि मोजलेला हवा. त्याच वेळी मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथाही 'परंपरागत उपचार' म्हणूनच चालत आली. परंपरा म्हटली की सगळे एका मापाने मोजता येत नाही.

म्हणून येथे घरचे औषध थांबते:

साप चावला तर मंत्र, पाला, चीर काही नाही. अवयव हलू न देता थेट दवाखाना, जेथे सर्पविषावरची लस आहे.

विंचू चावून घाम फुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले तर तेच. जालना जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातून निघून महाडला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कसे थोपवले, हे जगाने मान्य केले आहे.

फवारणीत चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडातून लाळ सुरू झाली तर दूध, तूप, ताक पाजत बसू नका. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा लेबलासकट बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. कशाची बाधा आहे हे डॉक्टरला लेबलावरूनच कळते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय गुटी, मध, पाणी काही नको. धाप, झटके, दूध सोडणे, तीन दिवसांवर गेलेला ताप यांना काढा नाही.

हे काम कोणी करायचे?

लाह्या फोडायच्या, डब्यांना पाणी घालायचे, पापड्या वाळवायच्या, हे सगळे बाईच्याच डोक्यावर टाकायचे असेल तर आम्ही हा लेख मागे घेतो. ती दिवसभर निंदण-वेचणीला जाते, रात्री भाकरी थापते. माती कालवणे, डबे भरणे, पाणी आणून देणे, विषाचे डबे पुरणे ही कामे बाप्यांची. आणि यातून चार पैसे आले तर ते बाईच्या हातात राहिले पाहिजेत.

शरद जोशींनी 1991 साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला. सीता शेती, माजघर शेती, व्यापारी शेती, निर्यात शेती अशी त्याची चार अंगे होती. माजघर शेतीचा अर्थ असा, की शेतातला माल घरातच पुढच्या रूपात न्यावा म्हणजे मधल्या प्रक्रियेचा पैसा घरात राहतो. ज्वारी 37 रुपयांनी गेली आणि लाह्या होऊन शहरात पोचली, तेव्हा मधला पैसा कोणाकडे गेला? हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. आज गिऱ्हाईक आयते तयार आहे. दहा बायांनी एकत्र येऊन तालुक्याच्या गावी लाह्या, पापड्या, जवसाची चटणी विकायला घेतली तर ते अशक्य नाही. छोट्या उत्पादकाला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ती करून घ्या. पण आधी घरच्या पोरांच्या डब्यात, मग बाजारात. पाकिटात चांगला माल भरून शहरात धाडायचा आणि आपल्या पोरांना मैदा चारायचा, हे दुधाच्या बाबतीत अनेक घरांत घडले आहे. ते पुन्हा नको.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या शाखेने चार गोष्टी लिहून आणाव्यात. गावात किती घरांत या वर्षी ज्वारी पेरली आणि नसेल तर कशामुळे. एका महिन्याचा पाच घरांचा किराणा, भाजी, पाकिटे आणि औषधे यांचा खरा हिशेब. गावात विषाचे रिकामे डबे कोठे जातात. आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषावरची लस आणि फवारणीच्या विषबाधेवर लागणारे अ‍ॅट्रोपिन आहे की नाही, हे स्वतः जाऊन बघून. शेवटच्या बाबीची यादी तयार झाली की ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे आहे. ओळींतली ज्वारी लागून लागून टाकण्यासाठी कोणती गावे तयार आहेत, तेही त्याच बैठकीत ठरवू, म्हणजे मृगाच्या आधी बियाण्याची सोय करता येईल.